अक्का, २८ दिवस कुठं झालेत?

मे महिन्यात झरीला जाणं हे काही शहाण्या माणसाचं काम नाही. परभणी सोडून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली जमीन आणि वर डोळे उघडू न देणारं ऊन. पण मावशीचा फोनच असा आला की सुट्टी टाकावी लागली. "तू येऊन याला काहीतरी सांग बाई. सिव्हिल इंजिनिअर झाला, पुण्याला इंटरव्ह्यू लागलाय, आन् हा सकाळपासून गच्चीवर बसून एकटाच इंग्रजी बोलायलाय."

गेले तर खरंच! पाण्याच्या टाकीच्या सावलीत आमचे बंधुराज (मावसभाऊ, पण आमच्याकडे मावस-चुलत असा हिशेब नसतो) झेरॉक्सचं जाडजूड बाड मांडीवर घेऊन पुटपुटत होते. साइट इंजिनिअरला विचारले जाणारे शंभर प्रश्न, उत्तरांसह!

"काय करायलास?"

"पाठ करायलोय अक्का. बासष्ट झाले."

हा कॉलम नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की मी एका कन्सल्टन्सीत बिलिंगच्या टेबलावर बसते आणि वर्षातून तीन-चार वेळा इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही. तिथून दिसणारं दृश्य फार मजेशीर असतं. दहा मुलं येतात आणि दहाही जण तेच बाड पाठ करून आलेले असतात. तोच फॉर्मल शर्ट, तेच "माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क". चौथ्या मुलापर्यंत पॅनेलचा चहा संपतो आणि सातव्यापर्यंत लक्षही.

म्हणून मी बाड हातातून काढून घेतलं आणि सहज विचारलं, "रोल मॉडेल कोण?"

"सर एम. विश्वेश्वरय्या." उत्तर तयारच होतं. सिव्हिलच्या मुलाचा रोल मॉडेल दुसरा कोण असणार! १५ सप्टेंबरला फोटोला हार घालून सगळ्यांची सवयच झालेली असते.

"बरं. त्यांची पहिली नोकरी कुठली?"

बंधुराज गप्प. पगडीतला फोटो आठवतो, मोठी धरणं आठवतात, पण हा माणूसही कधीतरी ज्युनिअर होता हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून बाहेर पडून १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. सुरुवातीची कामं नाशिक आणि खानदेशातली. त्यातलं एक होतं नदीपात्र ओलांडून पाण्याचे नळ नेण्याचं. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे वगैरे सगळं नंतरचं. वयाच्या चोविशीत साहेबही नदीकाठी उभे राहून पाऊस कधी येतो ते बघत होते. रोल मॉडेल सांगायचाच असेल तर त्याची आपल्या वयातली गोष्ट तरी माहीत हवी ना? पुढचा प्रश्न हमखास तोच येतो.

ऊन उतरल्यावर त्याला खाली घेऊन आले. म्हटलं, आजचा क्लास घरातच. मावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तिरकी गेलेली एक भेग आहे. लहानपणापासून बघतेय. दर दिवाळीला बुजवतात, दर उन्हाळ्यात ती परत येते.

"ही का पडली?"

आधी त्याने "सेटलमेंट ऑफ फाउंडेशन" असं बाडातलं उत्तर दिलं. मी म्हटलं, मावशीला समजेल असं सांग. मग मात्र गडी सुटला! आपली ही काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. आजोबांनी पाया तीन फुटांवर थांबवला, म्हणजे सगळा त्या मातीतच. बाहेरच्या बाजूला ऊन, आतल्या बाजूला मोरीचं पाणी. एक बाजू खाली बसते, दुसरी वर उचलते आणि भिंत मधेच तडकते. शेजारी पाया खोदला तेव्हा मुरूम सहा-सात फुटांवर लागला होता. तिथपर्यंत जायला पाहिजे होतं. नाहीतर माती काढून मुरूम भरून कुटायचा, जोत्याला बीम फिरवायचा. आणि माती फारच खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे खाली कांद्यासारखा फुगीर गड्डा असलेला खांब, जो मातीच्या हालचालीबरोबर वर उचलला जात नाही.

मावशी पोळ्या लाटायच्या थांबल्या होत्या. "इतकं येतंय तर मग इंग्रजी कशाला घोकायलास?"

माझाही तोच सवाल होता! पुण्या-मुंबईची मुलं काळ्या मातीचा धडा पुस्तकात वाचतात. हा त्या मातीवर बांधलेल्या घरात वाढलाय. पण बायोडेटात ‘नेटिव्ह प्लेस’च्या पुढे झरी लिहिताना याचा हात अडखळतो.

इंग्रजीबद्दल एक सांगून टाकते, कारण मराठवाड्यातून येणाऱ्या निम्म्या मुलांचं टेन्शन तेच असतं. साइटवर दिवसभर जी भाषा चालते ती निम्मी हिंदी, पाव मराठी आणि उरलेले इंग्रजी शब्द. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, ईमेल लिहिता आला पाहिजे, एवढं खरं. पण इंटरव्ह्यूत वाक्य अडलं तर सरळ "सर, हिंदीत सांगू का?" म्हणावं. मी आजवर एकाही पॅनेलला याला नाही म्हणताना पाहिलेलं नाही. पाठ केलेल्या इंग्रजीचा तोटा हा की एक शब्द विसरला की पुढचं सगळंच जातं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत ज्यांच्या घराचं काम चालू होतं तिथे गेलो. गवंडीकाका पन्नाशीचे, ओळंबा हातात. त्यांनी बंधुराजांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "या साहेब, कोपरा काटकोनात हाय का बघा." माझ्या पोटात गोळा. पण त्याने दोरी मागितली, एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार फूट खूण केली, तिरकं माप घेतलं. पाच फूट बरोबर. काका हसले. हे पॅनेलसमोर सांगण्यासारखं आहे की नाही? थिओडोलाइट, टोटल स्टेशन सगळं ठीक, पण बॅटरी उतरली तरी ज्याला आखणी तपासता येते तो मुलगा लक्षात राहतो.

तिथेच विटांच्या ढिगावर बसून मी पॅनेल झाले. बारा मिलिमीटरची सळई मीटरला किती भरते? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. सिमेंटच्या गोणीचं आकारमान? साधारण ३५ लिटर. कव्हर किती? स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. सेंट्रिंगचे टेकू कधी काढायचे? साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. कव्हरचे आणि टेकूंचे आकडे २००० सालच्या आयएस ४५६ मध्ये आहेत, आणि हे सगळं पाठ असणं ही किमान अपेक्षा. यावर नोकरी मिळत नाही. हे आलं नाही तर मात्र जाते.

खरे प्रश्न वेगळे असतात. "पंपवाला म्हणतो काँक्रीट घट्ट आलंय, थोडं पाणी मारू का? तू काय करशील?" बंधुराज म्हणाले, "मारू देणार नाही." बरोबर, पण अर्धंच. मग काँक्रीट तिथेच पडून राहू देणार का? मी त्याच्याकडून पुढचं काढून घेतलं. आधी स्लंप घ्यायचा, चलनावर बॅचिंगची वेळ बघायची, प्लांटच्या क्वालिटीवाल्याला फोन लावायचा, ॲडमिक्श्चरचा डोस तोच ठरवेल, आणि वेळ उलटून गेलेली असेल तर गाडी परत. ‘नाही’च्या पुढे काय, हे ज्याला सांगता येतं तो साइटवर राहिलेला आहे हे लगेच कळतं. तसंच, "स्लॅब अर्ध्यावर आला आणि मिक्सर बंद पडला, कुठे थांबशील?" बीमच्या तोंडाशी नाही. गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागात, जिथे शिअर कमी, तिथे फळी उभी लावून सरळ कापायचं.

रिंगांचा हूक १३५ अंशांत का वाकवायचा, यावर तो थांबलाच नाही. फिटरशी त्याचं भांडणच झालं होतं म्हणे. ९० अंशांत वाकवलेली रिंग धक्का बसला की उघडते, बाहेरचं कव्हर सुटतं आणि उभ्या सळया फाकतात. मराठवाड्यात हा काही परीक्षेपुरता प्रश्न नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आजीला अजून आठवते. तिथली घरं काँक्रीटची नव्हती, दगड-मातीच्या जाड भिंतींची होती, आणि त्या भिंतींनीच माणसं गाडली. आता खेड्याखेड्यात आरसीसीचे कॉलम आलेत. २०२४ मध्ये हिंगोलीकडच्या भूकंपाचे धक्के परभणीतही जाणवले, तेव्हा बंधुराज सगळ्यांना अंगणात काढून आधी कॉलमकडे बघत होते!

इतकं सगळं येणारा मुलगा घाबरतो कशाला, हे मला कळेना. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर ते बाहेर आलं.

"अक्का, आठ महिने काम केलंय ते बायोडेटात टाकू का नको?"

"म्हणजे काय? टाकायचंच!"

"लेटर नाई माझ्याकडं."

मग हळूहळू सगळी गोष्ट. एका कॉन्ट्रॅक्टरकडे तो साइटला होता. शाळेच्या चार वर्गखोल्यांचं काम. स्लॅब पडला, ३८ घनमीटर काँक्रीट. हिशेबाने चार सॅम्पल, प्रत्येकाचे तीन असे बारा क्यूब तर २८ दिवसांच्या टेस्टसाठीच भरायला हवेत. सात दिवसांचे वेगळे. प्रत्यक्षात एकही साचा भरला नाही. त्याने विचारलं तर "बघू" म्हणाले. आणि एकोणिसाव्या दिवशी मालकाने रजिस्टर पुढ्यात टाकलं. बिल अडकलंय, २८ दिवसांचे रिझल्ट लिहून सही कर.

"मी म्हणलं, साहेब, २८ दिवस कुठं झालेत? तर हसले. कागदावर होतेत की म्हणले."

त्याने सही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊ नको असा निरोप आला. डिपार्टमेंटच्या साहेबांना फोन करून हॅमर टेस्ट तरी करून घ्या, नाहीतर कोअर काढा, असं त्याने सांगितलं. तिथेही "बघू". महिन्याभराने अनुभवाचं पत्र मागायला गेला तर सौदा तयार होता. जुन्या रजिस्टरवर सह्या कर, लेटर घेऊन जा.

"मग?"

"मग काय. इंटरव्ह्यू सोमवारी हाय. उद्या जाऊन करून येऊ का, तेवढं सांग."

इथे मला मोठ्या बहिणीसारखं ताडकन काहीतरी बाणेदार बोलता आलं असतं. बोलले नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो "करून टाक" हाच. स्लॅब पडून सात महिने झाले, मुलं वर्गात बसायला लागली, तुझ्या सहीने त्यात काय बदलणार? मावशीच्या घरावरचं कर्ज मला माहीत आहे. आठ महिन्यांच्या अनुभवाने पगारात काय फरक पडतो हेही मला रोज दिसतं.

त्यानेच उत्तर दिलं. "तो स्लॅब वाईटच असंल असं नाई अक्का. चांगला बी असंल. पण चांगला का वाईट, कुणालाच माहीत नाई. आन् मी सही केली की कागद म्हणणार, माहीत हाय."

यावर काय बोलणार? मी बायोडेटा उघडायला सांगितला.

आठ महिने टाकले. पत्र नाही, मग दुसरं काय आहे? बँकेच्या पासबुकात पगाराच्या आठ नोंदी होत्या. मोबाइलमध्ये तारखांसकट फोटो होते, आखणीपासून स्लॅबपर्यंत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोनशे पानी वही! आज किती मजूर, किती गोण्या, काय मोजलं, पाऊस किती वाजता आला. कुणी सांगितलं नव्हतं, कॉलेजच्या सरांनी लावलेली सवय. अशी वही आणलेला मुलगा माझ्या टेबलासमोर अजून आलेला नाही.

राहिला तो प्रश्न, नोकरी का सोडली? या कॉलममध्ये मीच कधीतरी लिहिलंय की जुन्या कंपनीबद्दल वाईट बोलू नका, "बेटर अपॉर्च्युनिटी" म्हणा आणि पुढे सरका. ते इथे चालणार नव्हतं. आठ महिन्यांत अचानक सोडणारा, पत्र नसलेला मुलगा "बेटर अपॉर्च्युनिटी" म्हणाला तर पॅनेल एकमेकांकडे बघतं. आम्ही दोन वाक्यं ठरवली. "टेस्ट न झालेल्या क्यूबच्या रजिस्टरवर सही मागितली, मी केली नाही. म्हणून पत्र नाही." बस. मालकाची जात-कुळी काढायची नाही, डिपार्टमेंटला शिव्या नाहीत, आवाज चढवायचा नाही, आणि आपण हरिश्चंद्र असल्याचा चेहराही नाही. ही दोन वाक्यं त्याने मावशीच्या अंगणात पंधरा-वीस वेळा म्हटली. पहिल्या दहा वेळा घसा भरून यायचा. नंतर जमलं.

रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बसला, सोमवारी सकाळी माझ्याकडे अंघोळ करून बाणेरच्या ऑफिसात. आत तिघं जण होते. सळई, कव्हर, टेकू सगळं झालं. काळ्या मातीवर दहा मिनिटं गेली, कारण पॅनेलमधल्या एकाचं गाव निघालं सेलूकडचं! मग पत्राचा विषय आला आणि त्याने ती दोन वाक्यं म्हटली. कुणी काहीच बोललं नाही. मग मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवून विचारलं, "समजा आमच्याच साइटवर उद्या क्लायंट येतोय आणि २८ दिवसांचे रिझल्ट आज पाहिजेत. मी तुझा बॉस आहे. काय करशील?"

हे आम्ही ठरवलेलं नव्हतं.

"सात दिवसांचे जे खरे आलेत ते दाखवीन सर. आन् २८ दिवसांचे कुठल्या तारखेला येणार, ती तारीख लिहून देईन."

"आणि क्लायंट चिडला तर?"

"तर तुम्ही हाव की सर."

तिघंही हसले म्हणे. मला विचाराल तर तो विनोद नव्हता. ज्युनिअरने ‘नाही’ म्हटल्यावर त्याच्या मागे कोण उभं राहणार, हा त्याने पॅनेललाच विचारलेला प्रश्न होता.

आठ दिवसांनी फोन आला. घेतलं, पण ट्रेनी म्हणून. पत्र नाही म्हणजे अनुभव नाही, एचआरचा नियम. म्हणजे त्या आठ महिन्यांचे पैसे शून्य, पगार नव्या मुलाएवढाच, सहा महिन्यांनी बघू. मावशी नाराज आहेत. "सही केली असती तर काय बिघडलं असतं?" असं त्यांनी मला फोनवर दोनदा ऐकवलंय, आणि दोन्ही वेळा मी विषय बदललाय. वर्षाच्या हिशेबाने फरक छोटा नाही. कर्जाचे हप्ते सहीच्या गोष्टीवर भागत नाहीत.

बंधुराज सध्या हिंजवडीकडच्या एका साइटवर आहेत. परवा रात्री साडेअकराला फोन केला तर मागे नुसता व्हायब्रेटरचा आवाज. क्यूबचे साचे स्वतः धुऊन, तेल लावून ठेवलेत म्हणाला. गाडी आली, ठेवतो अक्का.

ता. क. : गेल्या आठवड्यात तिघांनी ईमेल करून ‘इंटरव्ह्यूला काय काय न्यायचं’ असं विचारलंय. मूळ मार्कशीट आणि त्यांचे दोन झेरॉक्स सेट, पासपोर्ट फोटो, आधीच्या साइटचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये (तिथे बसून गॅलरी सरकवत बसू नका, मधेच आत्याच्या लग्नाचे फोटो येतात!), वही असेल तर वही, एक छोटी टेप आणि पेन्सिल. स्केच काढायला सांगतातच. राहायची सोय आणि ड्युटीच्या वेळा स्वतःहून विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि बूट पॉलिश केलेले घाला, पण असे घाला की कुणी "चल, साइट बघून येऊ" म्हणालं तर चालता येईल. आमच्या बंधुराजांना तसं म्हणाले होते.